रहाटणीतला साठ लिटर समुद्र

चाकणच्या कंपनीत सयाजीरावांना कोणी वाईट म्हणत नसे, पण त्यांच्या टेबलापाशी चहा प्यायला कोणी थांबतही नसे. माणूस क्वालिटीतला. बावीस वर्षं काम एकच, दुसऱ्यानं बनवलेला पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचं आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. पास म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे आणि रिजेक्ट म्हणताना तर नाहीच. स्वतःच्या लग्नात त्यांनी मांडवाचे खांब ओळंब्यात आहेत का ते पाहिलं होतं, असं त्यांची बायको दीपमाला सांगते, आणि ती काही खोटं बोलणारी बाई नाही.

असा हा माणूस गेल्या दिवाळीनंतर एका व्हेंडरकडे ऑडिटला गेला. तिथल्या रिसेप्शनमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. आत खडक, खडकावर डुलणारी जांभळी फुलं आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले दोन बोटभर मासे. सयाजीराव सवयीनं खोट शोधायला वाकले. पट्टे बघितले, शेपट्या बघितल्या, चाळीस मिनिटं झाली, चहा गार झाला, आणि रिजेक्ट करण्याजोगं काहीही सापडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच! घरी आले ते गाणं गुणगुणत. दीपमालानं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

सयाजीराव मूळचे अहमदपूरकडचे. तिकडे समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी तो निळा रंग रहाटणीच्या वन बीएचकेत, टीव्हीशेजारी, साठ लिटर एवढ्या मापात आणायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं. पिंपरीच्या बाजारात प्रज्वलचं माशांचं दुकान आहे. तिथून टाकी आली, खडक आले, वाळू आली, पाणी ढवळणारा पंप आला, थंडीसाठी हीटर आला आणि पोतंभर खास मीठही आलं. हे मीठ आमटीत घालायचं नसतं, असं दीपमालाला दोनदा सांगावं लागलं.

प्रज्वलनं सगळं नीट समजावलं होतं. फिल्टरचं पाणी घ्यायचं, मीठ विरघळवायचं, मीटरनं मोजायचं, आकडा पस्तीस आला की थांबायचं. मीटर दुकानातच मिळत होता. पण सयाजीराव मनात हसले. मोजायला आम्ही काय आज शिकतोय होय? कंपनीत मशीन गार ठेवणाऱ्या पाण्यात, म्हणजे कुलंटमध्ये, तेल किती आहे हे पाहायला एक नळी असते. तिच्या काचेवर थेंब टाकायचा, डोळा लावायचा आणि आकडा वाचायचा. ती त्यांनी रीतसर वहीत सही करून दोन दिवसांसाठी घरी आणली.

दोन किलो मीठ गेलं तेव्हा नळीत साडेचार दिसले. सयाजीरावांनी हिशेब केला, अजून बराच पल्ला आहे. आणखी दोन किलो ओतलं. साडेआठ. पोतं रिकामं झालं, पाणी ताकासारखं पांढरं झालं, आणि पस्तीस कुठल्या कुठे. आणखी मीठ हवं म्हणून त्यांनी प्रज्वलला फोन लावला. साठ लिटरला चार किलो संपलं हे ऐकून त्यानं विचारलं की मोजताय कशानं. सयाजीरावांनी सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज येत होता. कुलंटच्या नळीची पट्टीच वेगळी. तिच्यावरचे साडेचार म्हणजेच समुद्राचे पस्तीस. सयाजीरावांनी टाकीत दोन समुद्र भरले होते.

चुकीचं गेज लावणं हा क्वालिटीतला सगळ्यात मोठा गुन्हा. याच गुन्ह्यासाठी त्यांनी माणसांना मेमो दिले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण गंमत अशी की त्यांना लाज वाटायच्या ऐवजी हसूच फुटलं, इतकं की सोफ्यावर बसावं लागलं. अर्धं पाणी उपसलं, गोडं पाणी घातलं, प्रज्वलचा मीटर आणला. उपसलेल्या दोन बादल्या फेकवेनात. त्यातल्या एकीत त्यांच्या आई कुसुमताई रोज संध्याकाळी पाय बुडवून बसू लागल्या आणि गुडघ्याला उतार पडला म्हणून शेजारणींना सांगू लागल्या.

पुढची गोष्ट नाजूक. नव्या टाकीत लगेच मासे सोडत नाहीत. आधी पाण्यात काहीतरी कुजवायचं, त्यातून अमोनिया नावाचं विष तयार होतं, मग ते विष खाणारे जंतू खडकावर वाढतात. विष पूर्ण संपलं की मासे. कुजवायला सोपी वस्तू म्हणजे कच्ची कोळंबी. प्रज्वलनं ती फोनवर सुचवली आणि सयाजीरावांनी घाबरून मागे पाहिलं. कुसुमताई माळकरी. घरात कोळंबी म्हणजे घर धुऊन काढण्याची वेळ. तेव्हा असं ठरलं की रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, तेही कुजतंच. हे काम कुसुमताईंनी आपणहून घेतलं. सकाळी आंघोळ झाली की देवाला फूल आणि टाकीला चिमूट. त्या खाद्यात काय असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

चार आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. शेजारी यायचे, वाकायचे, मासे कुठे आहेत विचारायचे. सयाजीराव अभिमानानं सांगायचे की सध्या पाणी तयार होतंय. लोक दीपमालाकडे सहानुभूतीनं पाहून निघून जायचे. इकडे कंपनीत बातमी फुटली. क्वालिटीच्या साहेबांचं पहिलं प्रॉडक्शन निघतंय म्हणून कँटीनमध्ये टेबलं वाजली. सगळ्यात जास्त आनंद आदिनाथला. हा सीएनसी मशीनवरचा ऑपरेटर, चाकणजवळच्याच गावचा, हात विजेसारखा चालणारा, म्हणूनच सगळ्यात जास्त पीस त्याचेच रिजेक्ट व्हायचे. आठ वर्षं तो म्हणत आला होता की साहेबांची माझ्यावर खुन्नस आहे. त्यानं जाहीर केलं की या मालाचं इन्स्पेक्शन आपण करणार.

आणि सयाजीरावांनी, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अख्ख्या शिफ्टला रविवारी घरी बोलावलं. मनात एकच गोष्ट होती. लाखो वेळा आपण दुसऱ्याला पास म्हटलं, आपल्याला कोणी कधीच म्हटलं नाही, कारण आपण कधी काही बनवलंच नाही. एकदा तो शब्द ऐकायचा होता. त्याही माणसांच्या तोंडून, जी आपल्या टेबलापाशी थांबत नाहीत.

शुक्रवारी तपासणी केली. काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर विष शून्य, हिरवं झालं तर विष आहे. हळदीसारखं पिवळं! सयाजीरावांनी दीपमालाला उचलण्याचा प्रयत्न केला आणि कंबर धरून बसले. रविवारी सकाळी पिंपरीहून बसनं दोन मासे आणले. फुगवलेली पिशवी मांडीवर, आणि कंडक्टरपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांना त्यांनी ती दाखवली.

अकरा वाजता घर भरलं. नऊ जण सोफ्यावर, जमिनीवर, दारात. पोहे फिरले. पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत होती, आतले दोघे नवरा-नवरीसारखे बावरले होते. सोडण्याआधी सयाजीरावांनी पुन्हा एकदा नळी भरली. गरज नव्हती, पण माल गेटबाहेर पडण्याआधी शेवटचं इन्स्पेक्शन हा त्यांचा धर्म.

पाच मिनिटांनी नळीत हलकासा हिरवा उतरला होता.

त्यांनी ती ट्यूबलाइटखाली धरली. मग खिडकीत नेली. तिथं जरा पिवळी वाटली, निदान त्यांना तशी वाटायला हवी होती. कुसुमताई मागून शांतपणे म्हणाल्या, "आज लेकरं येणार म्हणून काल जरा मूठभर खाद्य टाकलं. नव्या घरात उपाशी कसं ठेवायचं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आदिनाथनं पुढं येऊन नळी घेतली, रंगाच्या कार्डाला लावून पाहिली. साहेबांचं तोंड पाहिलं. आठ वर्षांचा सगळा हिशेब चुकता करायची वेळ त्याच्या हातात आली होती. पण तो जवळ सरकून हळूच म्हणाला,

"पास करा की साहेब. पाव्हणं बसल्यात. एवढं चालतंय, कुणाला कळायचं न्हाई."

सयाजीरावांना त्या क्षणी तो माणूस भावासारखा वाटला. पास म्हणणारा समोर उभा होता, मान डोलवायचा अवकाश होता. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. त्या दोघांना कळलं असतं.

"नाही चालत," सयाजीराव म्हणाले. "रिजेक्ट."

खिशातून लाल खडू काढून त्यांनी काचेवर फुली मारली. आदिनाथ त्या फुलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "च्यायला. मला वाटायचं, तुमी माझ्यावरच खुन्नस धरून हाय."

मग जे हसू सुटलं ते जिन्यापर्यंत गेलं. सयाजीराव सगळ्यात जास्त हसत होते आणि डोळे पुसत होते. मासे परत दुकानात ठेवायला हवे होते, आणि कोणीच घरी जायला तयार नव्हतं. शेवटी रहाटणीतून पिंपरीकडे पाच मोटारसायकली निघाल्या आणि मध्ये एक रिक्षा. रिक्षात कुसुमताई, पिशवी मांडीवर, पदर पिशवीवर, उन्हाचा त्रास नको म्हणून. सिग्नलला लोक वाकून पाहत होते, आणि आदिनाथ हात करून रस्ता मागत होता, जणू वरात निघाली आहे. प्रज्वलनं अकरा माणसं दुकानात शिरताना पाहून आधी शटरकडे हात नेला.

कुसुमताईंचा हात खाद्यावरून आठ दिवस काढून घेण्यात आला. पुढच्या रविवारी पिशवी पुन्हा आली. या वेळी सयाजीरावांनी कोणाला बोलावलं नव्हतं, फक्त आदिनाथला, आणि नळीला स्वतः हातही लावला नाही. आदिनाथनं थेंब मोजून टाकले. पाच मिनिटं घड्याळाकडे बघत उभा राहिला. कार्ड लावलं. खिडकीत गेला, परत आला. मग सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून केलं. दीपमालाचा चहा तिसऱ्यांदा गरम झाला. सयाजीराव खुर्चीच्या कडेवर बसून होते, दहावीच्या निकालाला बसले होते तसे, हात गुडघ्यांत घालून.

"पास," आदिनाथ म्हणाला.

दीपमालानं पिशवी सोडली, दोन नारंगी मासे बाहेर आले आणि खडकाभोवती फिरू लागले. सयाजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते आदिनाथचा हात धरून बसले होते, आणि तो हात सोडायचं त्यांच्या लक्षातच येत नव्हतं.

सोमवारी फर्स्ट शिफ्टला सयाजीरावांनी आदिनाथचे अकरा पीस रिजेक्ट केले. आदिनाथनं ते मुकाट्यानं गोळा केले, बाजूला ठेवले, आणि चहाचा कप घेऊन त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.