बिस्किटाच्या डब्यातलं नाव

तमाम भाविक, अर्धे भाविक आणि केवळ चहाच्या वेळेला चर्चमध्ये उगवणाऱ्या मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, यंदा एक जानेवारीच्या सकाळी वर्ध्यातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये माझ्या जिवाविरुद्ध कट झाला. हत्यार होतं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा.

आमच्याकडे रीत अशी, की नववर्षाच्या उपासनेनंतर प्रत्येकाने डोळे मिटून त्या डब्यातून एक कार्ड उचलायचं. कार्डावर येशूचं एक नाव. जे हाती येईल, त्याच्या भरवशावर वर्ष काढायचं. कार्डं लिहितात मंडळीतल्या एक म्हाताऱ्या निवृत्त शिक्षिका. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांना सगळे नुसतंच 'बाई' म्हणतात. माझ्या बायकोला 'उत्तम मेंढपाळ' मिळाला. पुढच्या बाकावरच्या किराणा दुकानदाराला 'जीवनाची भाकर' मिळाली, आणि तो असा हसला, जणू माल त्याच्याच दुकानातून गेला होता. मग मी हात घातला. माझ्या वाट्याला आलं, 'पुनरुत्थान व जीवन'.

नाव थोरच आहे. पण आमच्या मंडळीत ते ऐकू येतं एकाच ठिकाणी, कब्रस्तानात. पेटी खाली सोडायच्या आधी पाद्रीसाहेब घसा साफ करतात आणि नेमकं तेच नाव घेतात. आणि बरोबर आठ दिवसांनी सावंगीच्या दवाखान्यात माझी पित्ताची पिशवी काढायची होती.

पाद्रीसाहेबांनी माझं कार्ड पाहिलं आणि "हं" म्हणाले. हा 'हं' मला अजिबात आवडला नाही. त्यांनी माझा हातही जरा जास्तच वेळ धरून ठेवला. घरी आलो तर बायको माझी दवाखान्याची फाईल कपाटावर ठेवत होती. इतकी वर्षं ती खालच्या खणात असायची. संध्याकाळी दुकानदार पिशवीभर संत्री घेऊन आला, फुकट. त्या माणसाने जन्मात कुणाला लिमलेटची गोळी फुकट दिलेली नाही.

"तुमी मायाकडे असं काऊन पाहून राह्यले?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि खोलीत जाऊन प्रार्थना केली : प्रभो, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, फक्त कार्ड बदलून दे. सकाळी उठून पाहिलं, कार्ड तेच होतं. मग मी ठरवलं, कार्ड बदललं नाही तर ऑपरेशन रद्द. दुखणं वाढलं तर वाढलं.

तिसऱ्या दिवशी गीतांचं पुस्तक परत करायचं निमित्त काढून बाईंकडे गेलो. बाई चहा ठेवायला आत गेल्या. डबा फळीवरच होता. माझं कार्ड आत टाकलं आणि 'शांतीचा अधिपती' शोधत होतो, तोच दारात कपबशी वाजली.

"काऊन रे बापू? तूही वापस कराले आला?"

"तूही म्हणजे?"

"मंग? हे कार्ड दरसाल कोणी ना कोणी आणून टाकते. मागच्या साली तं पाद्रीसाहेबच आले. म्हणे, बाई, जरा डबा पाहू द्या."

मी कार्ड पुन्हा बाहेर काढलं. खरंच, त्याचे कोपरे हाताळून हाताळून मऊ झाले होते.

"पण बाई, हे मेलेल्या माणसांसाठी असतं ना?"

"शाळेतही तू अर्धाच धडा वाचून यायचा," बाई म्हणाल्या. "भाऊ मेला म्हणून रडत होती, त्या बहिणीले सांगितलं हे येशूनं. जितीले! मेलेल्याले तं फक्त 'बाहेर ये' म्हटलं, अन् तो कबरीतून उठून आला."

मी संशयाने त्यांच्याकडे पाहिलं. इतकं तयार उत्तर कुणाकडे असतं?

बाईंनी चहा माझ्यापुढे सरकवला. "मायं माणूस गेलं, त्या साली लिहिलं होतं हे. तवापासून वाट पाहून राह्यली, कोणीतरी वर्षभर ठेवून घेईल म्हणून."

मी कार्ड खिशात घातलं. माझी श्रद्धा एकाएकी वाढली, असं कुणी समजू नये. पाद्रीसाहेबांना जमलं नाही ते आपण करून दाखवावं, हा विचारही त्यात होता. पण निम्मा चहा होईस्तोवर बाई माझ्या खिशाकडेच बघत होत्या, आणि मला ते काढून परत ठेवता येईना. ऑपरेशन रद्द करणंही मग राहूनच गेलं.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या झग्याला खिसाच नव्हता. नर्सने माझी मूठ उघडून कार्ड बायकोच्या हातात दिलं. आत टेबलावर, मास्कमागे कोण काय कुजबुजतंय याचा अंदाज घेत मी पडून होतो. कुणाचाच भरवसा वाटेना. तेव्हा मी ते नाव मनात घेतलं. कार्ड बदलून दे असं म्हणालो नाही. नुसतं नाव घेतलं, आणि पहिल्यांदाच त्याला कब्रस्तानातल्या मातीचा वास आला नाही.

डोळे उघडले तेव्हा वॉर्डात होतो. सगळं धूसर. उशाशी एक उंच, काळ्या कोटातला माणूस उभा होता. त्याने घसा साफ केला. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडलो :

"घसा साफ करू नका, पाद्रीसाहेब! मी जिता हाओ, अन् कार्ड वापस नाई करत!"