दोन स्टेशनांमधली खरखर

रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मध्ये आणायचा आणि नुसती खरखर ऐकत बसायचं, ही गुरुजींची सवय. यवतमाळच्या कापूस बाजाराजवळ माझं चहाचं हॉटेल होतं. अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराची गोष्ट. गिऱ्हाइकं सिनेमाचं गाणं मागायची. गुरुजी हात वर करायचे. "थांब गा. सूर्य काय म्हणते, ते आयकू दे."

तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो. पण शाळेतून निवृत्त झालेल्या या माणसाचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर वायरलेस सांभाळायचा, थेट उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात. सुटीवर आला तेव्हा माझ्याच बाकावर बसून त्यानं सांगितलं होतं, की सूर्यावरून वारा सुटतो, पृथ्वीच्या चुंबकाला झोंबतो आणि ध्रुवाकडे आभाळ हिरवं पेटतं. होकायंत्राची सुई भरकटते, वायरलेस मुका होतो. "तवा जहाज आंधळंच समजा, बाबा," तो हसत म्हणाला. गुरुजी हसले नाहीत.

तेव्हापासून खरखर वाढली की त्यांचा चहा निवून जायचा. मी चिडवायचो, "गुरुजी, हे समोरच्या सरकी काढायच्या जिनिंगच्या मोटारीची खरखर हाय."

"जिनची येगळी. मले समजते."

एके दिवशी रेडिओ अगदी स्वच्छ लागला. गुरुजींनी स्वतः गाणं लावायला सांगितलं, सगळ्यांना चहा पाजला. "आज पोरगं सुखात हाय," म्हणाले. समोरच्या जिनिंगची मोटार सकाळीच जळाली होती, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आठवड्यानं गुरुजींना तार आली. रेडिओ स्वच्छ लागला त्याच दिवसापासून पोराचं जहाज उत्तर देत नव्हतं. मागाहून कळलं, तेव्हा तिकडचं आभाळ पेटलं होतं, आसपासच्या सगळ्या बोटी मुक्या झाल्या होत्या. बाकीच्या परतल्या. ध्रुवाजवळ एवढा धिंगाणा चालू असताना इथं पानही हलू नये, असं होऊ शकतं, हे मला फार उशिरा समजलं.

त्यानंतर गुरुजी एकदाच आले. मी न विचारता काटा दोन स्टेशनांच्या मध्ये आणला. समोर नवी मोटार चालू होती. त्यांनी बराच वेळ कान लावला.

"गाणं लाव गा," ते म्हणाले. "हे तं जिनच हाय."

गाणं संपेपर्यंत बसले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. काटा आता खरखरीवर न्यायला कुणी नव्हतं, तरी गिऱ्हाइकांनी गाणं मागणं सोडलं होतं.