वेल्समधली गळती

जगातलं सगळं पाणी मुळात नळातून येण्यासाठी निर्माण झालेलं आहे आणि जे नळातून येत नाही ती गळती, अशी माझ्या साडूंची ठाम भूमिका आहे. समुद्राबद्दल त्यांना विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही. तेहतीस वर्षं ते पाणीपुरवठा खात्यात होते. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. साडू त्यांच्याबरोबर खातंही घरी घेऊन आले. अंबरनाथला त्यांच्याकडे गेलं की ते आधी तुमच्या हातात पाण्याचा ग्लास देतात आणि तुम्ही पीत असताना ते पाणी कुठून कसं आलं ते सांगू लागतात. सुरुवात अर्थातच बारवी धरणापासून. तुमचा ग्लास रिकामा होतो तेव्हा त्यांचं पाणी जेमतेम शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचलेलं असतं, म्हणून ते दुसरा ग्लास देतात. त्यांच्या घरून तहानलेला माणूस आजवर परतलेला नाही, पण पुन्हा गेलेलेही फार नाहीत.

बदलापूरला आमच्याकडे आले की बसायच्या आधी ते बेसिनचा नळ सोडतात, डॉक्टरने नाडी बघावी तशी दोन बोटं धारेखाली धरतात आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "दाब कमी आहे." एकदा आमच्याकडे आलेल्या एका शेजारीणबाई हे आपल्या रक्तदाबाबद्दल आहे असं समजून चहात साखर घालायच्या थांबल्या होत्या. माणसं ते नावाने ओळखत नाहीत, लाइनने ओळखतात. "कोण, ते बुवापाड्याचे? चार इंची लाइनवरचे? सज्जन माणूस," असं त्यांचं चारित्र्यप्रमाणपत्र असतं. पाण्याचं मोजमाप ते एमएलडीत करतात, म्हणजे रोजचे किती दशलक्ष लिटर त्यात. आणि पाण्याचंच कशाला, कुणाच्या लग्नात मुलीकडच्या बायका रडल्या तर त्याचाही अंदाज देतात. त्यांच्या स्वतःच्या मुलीला उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून एक फार चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, निर्व्यसनी, घर स्वतःचं. साडू जाऊन आले आणि नकार कळवला. "घर लाइनच्या शेवटच्या टोकाला आहे," ते म्हणाले. "माझी मुलगी पहाटे चारला उठून बादल्या भरणार नाही." बादल्या न भरणारी ती मुलगी पुढे फिजिओथेरपी शिकली आणि वेल्सला नोकरीला गेली, जिथे पाणी सोडायचं काम आकाशानेच स्वतःकडे ठेवलेलं आहे.

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून साडू अंबरनाथच्या त्या घरात एकटे. गेल्या वर्षी मुलीने त्यांना आणि आम्हा दोघांना महिनाभरासाठी बोलावून घेतलं. जायच्या आधी साडू मला उल्हासनगरला रेनकोट घ्यायला घेऊन गेले. दुकानदाराने रेनकोट असा उलगडला की जणू राजवस्त्रच. "साईं, हा एक्सपोर्टचा माल. इंग्लंड में भी नहीं मिलेगा. पाणी आरपार जाणार नाही, गॅरंटी!" साडूंनी शिवण तपासली, खिसे तपासले आणि खात्यात पाइप मंजूर करावा तसा तो रेनकोट मंजूर केला. वेल्समधल्या पहिल्याच पावसात पाणी कॉलरमधून आत शिरलं आणि खिशांत साठून राहिलं. घरी येऊन साडूंनी रेनकोट उलटा धरला, तळाशी निघालेलं पाणी बघितलं आणि दुकानदाराला दाद दिली. "माणूस खोटं नाही बोलला. पाणी आरपार जात नाही. आत आलेलं आतच राहतं."

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीने स्वयंपाकघरात आपल्या मावशीला एक गोष्ट सांगितली. ठाण्याच्या एका हॉस्पिटलने तिला बोलावलं होतं आणि इथलं हॉस्पिटलही कायम करायला तयार होतं. महिनाअखेरीपर्यंत दोघांनाही उत्तर द्यायचं होतं. "मावशी, बाबांना इथे बरं वाटलं, त्यांचा जीव इथे रमला, तर मी मोकळ्या मनाने राहीन. म्हणजे ते येऊन-जाऊन राहू शकतील ना. नाही रमला तर परत येणार. तिकडे त्यांना एकटं ठेवून मला इथे डोंगर बघत बसता येणार नाही. पण त्यांना यातलं काही सांगू नकोस हं." बायकोने हे गुपित मला संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही, हा तिचा आजवरचा विक्रम आहे. साडूंना सांगायचा प्रश्नच आला नाही. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, आणि सहा फूट मातीखालची गळती जमिनीला कान लावून ओळखणाऱ्या माणसाला प्लायवूडच्या भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू येणार नाही, असं त्या दोघींना का वाटलं कोण जाणे.

मुलीने आम्हाला वेल्स दाखवायचं म्हणजे धबधबे दाखवायचे, असं ठरवलं होतं. तिथे धबधबा पुढ्यात येत नाही, त्याच्याकडे चालत जावं लागतं. गाडी लावायची, कुंपणावरची लाकडी पायरी ओलांडायची, मेंढ्यांची माफी मागत त्यांच्या कुरणातून जायचं, मग झाडी, मग चिखल, आणि तासाभराने आवाज येतो. वाटेत भेटणारा प्रत्येक जण "लव्हली!" म्हणतो. हवा लव्हली, वाट लव्हली, धो धो पाऊस असला तरी दिवस लव्हली. आपल्याकडे जसं "काय, बरंय ना?" विचारून उत्तराची वाट न बघता पुढे जातात, तसं ते आहे. पहिल्या धबधब्यापाशी दहा-बारा माणसं हात बांधून, देवळात उभं राहावं तशी गप्प उभी होती. शेजारी कुत्रीसुद्धा गप्प. साडूंनी धबधबा वरपासून खालपर्यंत पाहिला, मग वरच्या कड्याकडे बोट केलं.

"वर टाकी आहे का?"

"बाबा, नदी आहे वर."

"आणि खाली कोण घेतं?"

"कोणी नाही. समुद्राला जाते."

"म्हणजे शंभर टक्के गळती," साडू म्हणाले. "उल्हासनगरचा आख्खा कॅम्प चार सकाळी आठपर्यंत भागेल एवढं पाणी आहे हे. आणि बारा माणसं बघत उभी आहेत, एकही तक्रार करत नाही."

दुसरा धबधबा उंच पण बारीक होता. "हा धबधबा नाही, ही तक्रार आहे," साडूंनी निकाल दिला. "अशी धार आमच्याकडे आली असती तर नगरसेवक मोर्चा घेऊन आला असता." तिसऱ्याच्या मागून चालत जायची वाट होती. धबधब्याच्या मागून जाता येतं याचं मला अप्रूप वाटलं, बायकोने फोटो काढले. साडू आत जाऊन आले आणि म्हणाले, "मागून बांधकाम कच्चं आहे." चौथा गाडीपासून लांब होता, पाचवा फार जवळ. एकात पाणी गढूळ, एकात इतकं स्वच्छ की त्यांना संशय आला. मुलगी प्रत्येक धबधब्यापाशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, निकालाच्या बोर्डाकडे बघावं तशी. आणि दर वेळी नापास. शेवटी बायकोच चिडली.

"भाऊजी, तुम्हाला आपले तरी धबधबे कुठे आवडतात? बदलापूरला एवढे आहेत, कधी गेलात का?"

"आपल्याकडे धबधब्याला इज्जत आहे," साडू शांतपणे म्हणाले. "पावसाळा आला की बंदीचा हुकूम निघतो. वाटेवर पोलीस उभे राहतात. ज्याच्यावर बंदी येते त्याला किंमत असते. त्यांना चुकवून पोरं जातात, भजी खातात, गाणी लावतात. इथे कोणी अडवतच नाही, मग जायचं कशाला?"

आपल्या प्रशासनाचं इतकं मनापासून कौतुक मी कुणा निवृत्त कर्मचाऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पण मला कळत होतं की हे कौतुक प्रशासनाचं नव्हतं. आपण एका जरी धबधब्याला चांगलं म्हटलं तर मुलगी गेली, एवढा साधा हिशोब त्या माणसाने मनात पक्का केला होता. चिखलात पाय रुतवत, खिशात पाणी वागवत, तो वेल्सच्या निसर्गाशी एकट्याने लढत होता. आणि निसर्गाकडे धबधबे पुष्कळ होते.

तिसऱ्या आठवड्यात एका वाटेवर पाटी लागली. तिथल्या पाट्यांवर आधी त्यांची भाषा असते, मग इंग्रजी. हे एक मात्र साडूंना पहिल्या दिवसापासून पटलं होतं. पाटीवरचा धबधब्याचा शब्द होता पिस्टिल, शेवटी दोन एल. "दोन एल म्हणजे आपला ळ," साडूंनी जाहीर केलं आणि "पिस्टिळ, पिस्टिळ" असं दोनदा खणखणीत म्हटलं. मागून एक वयस्कर वेल्श बाई काठी टेकत येत होत्या. त्या थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या की जवळपास आलात, पण तो उच्चार निराळा आहे. जीभ टाळूला लावायची आणि दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. त्यांनी करून दाखवलं. मी प्रयत्न केला तेव्हा फक्त थुंकी उडाली. बायकोने मोठ्या आत्मविश्वासाने "पिस्तूल" म्हटलं, त्यावर बाई एक पाऊल मागे सरकल्या. मुलगी तीन वर्षं तिथे राहून कबूल करत होती की तिला अजून नीट येत नाही.

साडू मात्र डोळे मिटून उभे होते. "पुन्हा म्हणायला सांग त्यांना," ते मुलीला म्हणाले. बाईंनी पुन्हा म्हटलं. साडूंचा चेहरा उजळला. "अरे, हा तर नळ आहे! साडूभाऊ, पाणी यायच्या आधी कोरड्या नळातून हवा येते ना, फुस्स करून? तो आवाज!" आणि त्यांनी तो शब्द म्हटला. असा म्हटला की बाईंनी काठी बगलेत मारून टाळ्या वाजवल्या. तुम्ही वेल्समध्ये किती वर्षं आहात, असं त्यांनी विचारलं. साडूंनी इंग्रजीत उत्तर दिलं, "थर्टी थ्री इयर्स, वॉटर सप्लाय," आणि बाईंनी ते जसंच्या तसं मान्य केलं. पुढचा पाऊण तास ती दोघं पुढे चालत होती. त्या एकेक शब्द म्हणत होत्या आणि साडू नळ सोडल्यासारखे फुसफुसत होते. त्या दिवशीचा धबधबा बघायचाच राहिला. म्हणजे तो समोर होता, पण साडूंनी त्याची तपासणी केली नाही. मुलीने हे माझ्याइतकंच टिपलं, आणि साडूंनाही ते घरी आल्यावर उमगलं असावं. कारण रात्री जेवताना त्यांनी विनाकारण वेल्समधल्या बटाट्यांना नावं ठेवली.

शेवटच्या शनिवारी आम्ही ज्या धबधब्याला गेलो त्याचं नाव मला आठवत नाही. फार मोठा नव्हता. पाऊस होता, वाट दगडांची होती आणि साडूंचा गुडघा कुरकुरत होता, म्हणून आम्ही दोघं खालीच एका दगडावर बसलो. बायको छत्री सांभाळत कुठेतरी मागे होती. सोमवारी मुलीला उत्तर कळवायचं होतं. ती पुढे गेली होती. डोक्यावरची टोपी मागे टाकून, ओल्या दगडांवरून चढत, कुणा ओळखीच्या बाईला मोठ्याने हाक मारत, हसत. वरून तिने आम्हाला हात केला. तोंडातून वाफ निघत होती, गाल लाल झाले होते, केस चिंब.

साडू बराच वेळ वर बघत होते. धबधब्याकडे नाही.

"पावसाळाभर खोकायची ही," ते म्हणाले. "जून ते सप्टेंबर. हिची आई रात्र रात्र हिला मांडीवर घेऊन बसायची. मी डॉक्टरांना म्हणायचो, पाणी माझ्या खात्याचं आहे, त्यात काही दोष नाही. सहावीपर्यंत दर पावसाळ्यात निम्मी शाळा बुडायची." त्यांनी गुडघा चोळला. "तीन वर्षांत एकदा तरी खोकली का, विचारलं का तुम्ही?"

मी विचारलं नव्हतं. ती खाली आली, समोर उभी राहिली आणि नेहमीसारखं हसत, पण नेहमीपेक्षा हळू म्हणाली, "मग बाबा? पास की नापास?"

"धबधब्याचं काय घेऊन बसलीस," साडू म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते, बुटाची नाडी बांधत होते, आणि नाडी बांधलेलीच होती. "तुला इथलं पाणी मानवलंय गं."

एवढंच. माणसाला पाणी मानवणं हे आपल्याकडे कुणीही कुणालाही म्हणतं, सासरी गेलेल्या मुलीला, बदलीच्या गावच्या मास्तराला. पण तेहतीस वर्षं ज्याने आपल्याच पाण्याची बाजू मांडली, त्याने ते दुसऱ्या देशातल्या पाण्याबद्दल म्हणणं याला राजीनामा म्हणतात. मुलीला कळलं. ती त्यांच्या शेजारी त्याच ओल्या दगडावर बसली आणि तिने त्यांचा हात आपल्या खिशात घातला. मी उठलो आणि बायकोची छत्री शोधायला गेलो. बायकोला माझी गरज नव्हती, पण तिथून उठणं भाग होतं.

मुलगी वेल्सलाच राहिली. साडू परत आले. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. कधी मी अंबरनाथला गेलेलो असलो तर बघतो. "जेवलीस का, जेवलो," एवढं झालं की दोघांचं बोलणं संपतं. मग ती फिरायला निघालेली असते ती चालत राहते आणि कुठल्यातरी ओढ्यापाशी फोन बंद न करता पाण्याजवळच्या दगडावर ठेवते. साडू फोन कानाला लावून बसलेले असतात. डोळे मिटलेले, दुसरा हात मांडीवर. पाच मिनिटं होतात, दहा होतात.

"कट झाला का हो फोन?" परवा माझ्या बायकोने विचारलं.

"नाही," साडू म्हणाले आणि हाताने तिला गप्प राहायची खूण केली. "चालू आहे."