ऐंशी ग्रॅमचा चाप

हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि चार महिन्यांनी माझं पोस्टिंग बहारीनला झालं. पोस्टिंग म्हणायची जुनी सवय. खरं तर ती साधी नोकरी होती आणि व्हिसा माझ्या खेडच्या मेव्हण्याने पाठवला होता. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मी ट्रेडने आर्मरर, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारा. बुदैयाच्या रस्त्याला, खजुराच्या बागांमागे एक खासगी शूटिंग क्लब होता. तिथे मला चौदा रायफली, एक वर्कशॉप आणि एक एसी मिळाला. एसी चालू होता. सतरा वर्षांच्या सर्व्हिसमध्ये असं पोस्टिंग मला कधी मिळालं नव्हतं.

हमद टाउनहून सकाळी सहाच्या बसने निघायचो. पावणेसातला आर्मरी उघडायची, रायफली मोजायच्या. चौदा. तपासणी, साफसफाई, तेल. बाराला पुन्हा मोजायच्या. चौदा. ऑफिसात वसईचे लोपीस टायपिंग सांभाळत. ते मला आडनावाने हाक मारून म्हणायचे, "मुकादम, रात्रीतून त्यांना पिल्लं होतील असं वाटतं का तुम्हाला?"

क्लबचे मालक अबू खालिद. तिथल्याच फौजेतून मेजर म्हणून निवृत्त झालेले, वय साठीच्या आसपास. पाठ अजून परेडवर, पोट मात्र कायमच्या रजेवर. माझ्याशी ते हिंदी, इंग्रजी आणि अरबी एकत्र करून बोलत. मी फौजी हिंदीत उत्तर देई. सोयीसाठी सगळं मराठीत सांगतो.

वर्षातून एकदा, हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी सकाळी, क्लबची मॅच असे. पॉइंट टू-टू स्पोर्टिंग रायफल, पन्नास मीटर, पोटावर झोपून दहा गोळ्या. सलग तीन वर्षं साहेब एकाच माणसाकडून हरले होते: त्यांच्या बायकोचे भाऊ, डॉक्टर जासिम. दातांचे डॉक्टर. आयुष्यात कुणाला सॅल्यूट न ठोकलेला माणूस.

चौथी मॅच दोन महिन्यांवर आली तेव्हा साहेबांनी मला बोलावलं.

"हवालदार, दोष ट्रिगरचा आहे."

"येस सर."

"कंपनीचा ट्रिगर जड आहे. बाजारात नवीन मिळतात. तू निवड. एक आठवडा."

"येस सर."

दोष ट्रिगरचा नव्हता. कुणाचा होता ते मला ठाऊक होतं. साहेब चाप ओढताना डोळे मिटायचे आणि खांदा आखडायचा. गोळी सुटायच्या आधीच नळी खाली झुकायची. रिक्रूट असता तर मी त्याला भर रेंजवर ऐकवलं असतं. पण मेजरला हवालदाराने कसं सांगायचं, सर, तुम्ही आवाजाला दचकता? आमच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये त्याचं ड्रिल नव्हतं.

फॅक्स गेले, कॅटलॉग आले. साहेबांनी ते टेबलावर पसरले आणि लग्नाच्या बस्त्याला बसल्यासारखे आम्ही तिघे बसलो. एक चाप सोनेरी होता. एक वाकडा, एक सरळ. प्रत्येकाखाली लिहिलं होतं की यामुळे तुमचा नेम सुधारेल. लोपीसनी तीन प्रतींत तुलनेचा तक्ता टाइप केला.

मी मूळ चापाला स्प्रिंगचा काटा लावून ओढ मोजली. दीड किलो. खेळाच्या रायफलीला ती जास्तच होती, म्हणजे साहेबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माझी शिफारस दोन टप्प्यांच्या चापाची होती, ओढ पाचशे ग्रॅम. त्यात चाप आधी सैल मागे येतो आणि एका जागी अडतो. तिथे बोटाला कळतं की आता पुढे गोळी आहे. मग थोडासाच जोर लावायचा. पलटणीत आम्ही पोरांना सांगायचो, आधी दार वाजवा, मग आत जा.

साहेबांचं बोट मात्र सोनेरी चापावर होतं. एकच टप्पा, ओढ ऐंशी ग्रॅम.

"सर, एवढ्या वजनाला बोट टेकलं तरी गोळी सुटेल."

"तेच हवंय. मला कळायच्या आत सुटली पाहिजे."

"का सर?"

"दोन्ही मागव. खलास."

तीन आठवड्यांनी दोन्ही आले. सोनेरी चाप बसवला, रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद केला आणि दस्ता रबरी चटईवर आपटला. खट्. बोटही न लावता पिन पडली; आत गोळी असती तर सुटलीच असती. दहा वेळा आपटला, चार वेळा पडली. मग चापाचा स्क्रू आवळत गेलो. सव्वादोनशे ग्रॅमवर दहापैकी दहा वेळा ती जागची हलली नाही. तिथे थांबलो. कुणी स्क्रू फिरवला तर कळावं म्हणून त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका देतात. रंग नव्हता. घरून बायकोचं, झुबेदाचं, लाल नेलपॉलिश आणलं.

"माझं नेलपॉलिश बंदुकीला?" झुबेदा म्हणाली. "आणि साहेब चिडले तर? मुलीची शाळा आहे ना ईसा टाउनला."

"सेफ्टीचा प्रश्न आहे."

"नोकरीचा पण आहे."

तिचं बरोबर होतं. माझं काँट्रॅक्ट पंधरा दिवसांत संपत होतं आणि रिन्यूअलवर साहेबांची सही व्हायची होती.

मॅचचा दिवस. सकाळी सात चाळीस. पाहुणे, गहवा म्हणजे तिथली कॉफी, खजूर. रेंज माझ्या ताब्यात. साहेब तीन नंबरच्या लेनवर, डॉक्टर चार नंबरवर. पावणेआठला मी ऑर्डर दिली, "लोड. फायर."

मी दुर्बिणीतून पाहत होतो. साहेब त्या दिवशी चांगले मारत होते. नऊ, दहा, नऊ, नऊ. नळी झुकत नव्हती. डॉक्टरांच्या दहा गोळ्या संपल्या. साहेबांची शेवटची बाकी होती आणि माझ्या हिशेबाने साहेब पुढे होते. मला स्वतःचाच राग आला. म्हणजे चापच खराब होता? मग मी दोन वर्षं काय पाहत होतो?

आठ वाजून चार मिनिटं. साहेबांनी बोल्ट बंद केला आणि कोपर नीट टेकायला जरा सरकले. नळी दोन बोटं उजवीकडे गेली. रायफल वाजली.

सगळ्यात जास्त साहेबच दचकले.

"सीज फायर! अनलोड!"

मी खाली वाकून पाहिलं. नेलपॉलिशचा ठिपका मधोमध तुटलेला. स्क्रू दीड आटा सैल होता. साहेबांच्या झब्ब्याच्या खिशातून चष्मा दुरुस्त करायचा इवलासा स्क्रूड्रायव्हर डोकावत होता.

"सर, बोल्ट उघडा. रायफल खाली ठेवा. तीन पावलं मागे."

मेजरला आयुष्यात दिलेली माझी ही पहिली ऑर्डर. साहेबांनी बोल्ट उघडला, रायफल ठेवली, तीन पावलं मागे गेले. मी रायफलीला लाल टॅग बांधला: अनसर्विसेबल. पाहुण्यांच्या हातातल्या गहव्याच्या वाट्या जागच्या जागी थांबल्या.

कार्डं आली. साहेबांच्या कार्डावर नऊ भोकं, डॉक्टरांच्या कार्डावर अकरा. आमचा नियम असा: दुसऱ्याच्या कार्डावर गेलेली गोळी मारणाऱ्याला शून्य. आणि कुठलं भोक कुणाचं ते ठरवता येत नसेल तर ज्याचं कार्ड, त्याला त्यातली सगळ्यात चांगली दहा. डॉक्टरांचं एक सात गळालं आणि बहुधा साहेबांचंच असलेलं दहा त्यांना मिळालं. चौथ्यांदा तेच जिंकले.

डॉक्टर कार्ड उजेडात धरून म्हणाले, "अबू खालिद, इतकं मधोमध तू आजवर मारलं नव्हतंस."

साहेब गाडीत बसून निघून गेले.

लोपीस जवळ आले. "मुकादम, तुमच्या रिन्यूअलचा कागद टाइप करून ठेवलाय. फाडू की ठेवू?"

"ठेवा."

"तुम्ही आशावादी आहात."

तीन वाजून दहा मिनिटांनी साहेब परत आले. एकटेच. मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो.

"दुसरा ट्रिगर कुठाय?"

"बसवलाय, सर. दोन टप्प्यांचा. आपटून तपासला आहे."

"यल्ला, दाखव."

मी त्यांना लेनवर झोपवलं. पाच राउंड मी स्वतः एकेक करून भरले. साहेबांना न सांगता त्यातले दोन डमी भरले, आत दारू नसलेले. पहिला खरा होता, वाजला. दुसरा डमी. चाप ओढला, नुसतं खट् झालं आणि तरीही नळीने खाली भलीमोठी बुडी मारली. ती साहेबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसली. तिसरा वाजला. चौथा डमी. पुन्हा बुडी.

पाचवा त्यांनी मारलाच नाही. रायफलीवर गाल ठेवूनच विचारलं,

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन वर्षं, सर."

"आणि दोन वर्षं येस सर, येस सर?"

"येस सर."

त्यांना हसू आलं. हसता हसता ते उठून बसले आणि मलाही चटईवर बसायला सांगितलं. मग म्हणाले, "कॅप्टन असताना रेंजवर मॉर्टरचं फायरिंग चालू होतं. एक गोळा नळीतच फुटला. माझा रनर, माझे निरोप नेणारा पोरगा, माझ्या आणि नळीच्या मध्ये उभा होता. मुबारक. तेव्हापासून ट्रिगरला बोट लागलं की अंग आवाजाची वाट बघतं. म्हणून तो सोनेरी हवा होता. अंगाला कळायच्या आत सुटणारा."

मी लगेच येस सर म्हणालो नाही. मीही एक नाव सांगितलं.

रिन्यूअलवर सही झाली. काढलेला सोनेरी चाप मी कपाटात कुलपात ठेवला. त्यानंतर वर्षभर रोज दुपारी चारला मी साहेबांना डमी राउंडचं ड्रिल दिलं, रिक्रूटला देतात तसं, फक्त शिव्यांच्या जागी 'सर' घालून. पुढच्या मॅचला ते चार गुणांनी हरले. हरले, पण दहाही गोळ्या स्वतःच्या कार्डावर आणि दहाही डोळे उघडे ठेवून. संध्याकाळी त्यांनी सगळ्या स्टाफला मिठाई वाटली. डॉक्टरांना वाटलं, आपल्या विजयाची आहे.

मी सांगितलेलं नाव लान्स नायक बाबाजी घाग यांचं. चिपळूणकडचे, वर्कशॉपमध्ये माझे जोडीदार. डोंगरातल्या एका ठाण्यावर होतो तेव्हा मी दुरुस्त केलेली एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, पुढच्या पिकेटवर, पुढच्या चौकीवर, पोहोचवायला ते निघाले. जायची पाळी माझी होती. माझ्या हाताला तेल लागलं होतं, म्हणून ते म्हणाले, "राहू दे, मी जातो." सकाळी नऊ वीसला निघाले. पाऊण तासाने रेडिओवर निरोप आला: शेलिंग, एक कॅज्युअल्टी. एलएमजी पिकेटवर पोहोचली आणि व्यवस्थित चालली. घाग चोवीस वर्षांचे होते. मुबारक बावीस वर्षांचा होता. त्याचं पूर्ण नाव मी विचारायला हवं होतं. साहेब आता नाहीत.