बावन्न ग्रॅमची मूठ

दुकानात मी त्या वेळी बियाण्याचीच शीट उघडून बसले होते. मिरगाच्या वाटपाआधी कोठीत काय किती शिल्लक आहे, ते जुळवून पाहत होते. जवारी, तूर, तीळ, अंबाडी... आणि फोन वाजला. "ताई, याडी गेली," सोनी म्हणाली. बस, एवढंच. सोनी तांड्यावरची. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि कौसल्यामावशीला ती पहिल्या दिवसापासून तेच म्हणायची. समोर स्क्रीनवर एका रकान्यात 'मूठ' असा शब्द होता, त्याच्याकडे बघत राहिले. त्याला आता काही आठवडे झाले. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, रडूनही झालं. पण खरं सांगू? मावशी आठवली की मला रडू कमी येतं आणि बोलावंसंच जास्त वाटतं. त्या बाईबरोबर काम करणं म्हणजे काय गंमत होती, तुम्हाला कसं सांगू!

माझं फुलसावंगीत झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी मावशी एक फुगलेली वही घेऊन आली. "जयभीम पोरी. तुह्यं हे मशीन बियाणं मोजते का?" बायांच्या गटाची गावरान बियाण्याची कोठी ती सांभाळत होती. मिरगाआधी बियाणं न्यायचं, पीक आलं की थोडं चढतं करून परत आणायचं. कोणी किलोत न्यायचं, कोणी पायलीत, कोणी अधोलीत म्हणजे अर्ध्या पायलीत, आणि परत आणताना भलत्याच मापात. वहीत सगळा गोपाळकाला. यादीतल्या शेवटच्या बाईपर्यंत बियाणं पुरेल का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, हे तर पाच मिनिटांचं काम." केवढा माझा तोरा! तारीख, नाव, वाण, माप, आवक, जावक, शिल्लक असे रकाने केले. एका पायलीत इतके किलो असा फॉर्म्युला टाकला आणि झोकात वाचून दाखवला. मावशीला वाचता येत नव्हतं, पण ऐकणं मात्र असं की बापा रे! "थांब. तुरीची पायली किती म्हनली? अन् तिळाची? सारखीच?" आणि ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "अवं, पायलीभर कापूस अन् पायलीभर खडे सारखेच भरते का?"

दुसऱ्या दिवशी मला दुकान बंद करायला लावून तिनं कोठीत नेलं. एकेक वाण पायलीत भरायचा, काट्यावर ओतायचा आणि आकडा लिहायचा. मावशी काट्याकडे पाठ करून बसायची आणि आकडा आधीच सांगायची. अंबाडीला थोडी चुकली, बाकी सगळ्यांना जवळजवळ बरोबर! सोनी टाळ्या वाजवत होती, मी ओरडत होते, आणि रस्त्यानं जाणाऱ्या बाया आत डोकावून "काय तमाशा लावला वं?" म्हणत होत्या. प्रत्येक वाणाची पायली निराळी, असा वेगळा तक्ता त्या दिवशी तयार झाला. एवढा आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

त्यानंतर मी पुन्हा माझ्या खुर्चीत जाऊन बसले. चूक झाली ती इथेच. वाटपाच्या दिवशी सोनी मापायची, किल्लीही तिच्याकडेच असायची. वहीच्या पानांचे फोटो मोबाइलवर यायचे आणि मी दुकानात बसून शीट भरायची. पहिलं वाटप झालं, उरलेली जवारी काट्यावर चढवली, आणि शीटपेक्षा चार किलो सहाशे ग्रॅम कमी भरली! मी तीनदा तपासलं. फॉर्म्युला बरोबर, बेरीज बरोबर. मग बैठकीत, विहाराच्या ओट्यावर सगळ्या बायांसमोर, मी विचारलं, "किल्ली कोणाकडे असते?" आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं, पण घ्यायची गरजच पडली नाही. मागून कोणीतरी पुटपुटलं, "तांड्यावरच्या बाईले किल्ली देल्ली कायले?" सोनीनं कमरेची किल्ली सोडली, माझ्यासमोर ठेवली आणि निघून गेली. मावशी तिच्या मागे धावली, पण सोनी काही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडत होते, तर मावशी आधीच पायरीवर बसलेली. चहासुद्धा घेतला नाही. "वाच. सारं वाच. तुह्या शीटमंदी काय काय हाय ते मले ऐकू दे." मी रकाने वाचत गेले. तारीख... नाव... वाण... माप... शेवटपर्यंत आले तशी ती म्हणाली, "अन् माही मूठ?"

"कोणती मूठ?"

"अवं, माप झाल्यावर थैलीत वरून एक मूठ टाकतो नं मी. भरल्या मापावर मूठ नाही टाकली त थैली उनी राह्यते. साऱ्या गावाले ठाऊक हाय."

साऱ्या गावाला ठाऊक होतं! म्हणूनच वहीत कोणी लिहिलं नाही, बैठकीत कोणाला आठवलं नाही. मूठ म्हणजे देणं, ते का माप असतं? आणि मी कोठीत कधी वाटपाला गेलेच नव्हते. अक्षरशः धावत आम्ही कोठीत गेलो. मावशीनं दहा मुठी काट्यावर टाकल्या, मी सरासरी काढली. बावन्न ग्रॅम. जवारी नेलेल्या बाया अठ्ठ्याऐंशी. मोबाइलवर गुणाकार केला... चार किलो पाचशे शहात्तर! मी किंचाळलेच. "मावशी, जुळलं! चोवीस ग्रॅमचा फरक!" ती म्हणाली, "ते चिमण्यायचे." मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशी मात्र हसली नाही. "शीट ऐकून झाली. आता तांड्यावर चाल."

आम्ही गेलो. मी सोनीसमोर हात जोडले, माझं चुकलं म्हणाले. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग मावशीनं किल्ली तिच्यापुढे ठेवली. हातातली भाकरी तव्यावर टाकून सोनी म्हणाली, "याडी, किल्ली घेतो मी. पन दर वाटपाले या ताईनं कोठीत येऊन बसाव." त्यानंतर एकही वाटप मी चुकवलं नाही. त्या दिवशी मापांच्या यादीत किलो, पायली, अधोलीखाली मी 'मूठ' वाढवली आणि समोर लिहिलं : जवारी, बावन्न ग्रॅम. मावशीला वाचून दाखवलं तर केवढी खूश! मग जो भेटेल त्याला सांगायची, "माहा हात कॉम्प्युटरमंदी हाय बरं!" शेवटच्या आजारपणातही दवाखान्यातल्या नर्सला तिनं हे दोनदा ऐकवलं.

परवा तिच्याशिवायचं पहिलं वाटप झालं. दाराजवळची तिची जागा रिकामी होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी तिथे कोणी बसलं नाही. सोनीनं पहिलं माप थैलीत ओतलं आणि हात पोत्यात घालून थबकली. मग मूठ काट्यावर सोडली. एकसष्ट. तिचा हात मोठा आहे. मी म्हटलं, "सोनी, शीटमध्ये आकडा बदलू का? काही अवघड नाही, एकच सेल आहे."

"नको ताई," ती म्हणाली. "आकडा राहू दे. हातच शिकवतो मी माहा."

आणि तिनं चिमटीनं दाणे मागे काढले, काटा बावन्नवर आणला आणि मग मूठ थैलीत टाकली. दुसऱ्या बाईला पुन्हा तसंच. अठ्ठावन्न, काढ. पन्नास, वाढव. रांग लांबत होती, पण एकही बाई कुरकुरली नाही. सगळ्या काट्याकडे माना वाकवून बघत होत्या, हळू आवाजात आकडे बोलत होत्या. दुपारच्या सुमारास एका म्हातारीनं थैली पुढे केली. सोनी तिच्याशी बोलण्यात गुंतली होती, नातवाचं विचारत होती. बोलता बोलता तिनं पोत्यातून मूठ भरली आणि न बघताच काट्यावर टाकली.

बावन्न.