पद्माबाईंच्या पाठीखालची गादी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोलाही बोललो नाही.

सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी वॉर्डबॉय होतो. पन्नाशी उलटली तरी बॉयच. त्या सकाळी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी अश्विनीला सगळ्यांदेखत पद्माबाईंच्या पाठीवर वाकवलं. अश्विनी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सांगोल्याकडची, घरी मेंढरं.

"बघ, केवढी जखम. मेंढरं राखणाऱ्यांच्या हाती माणसं दिली की असंच व्हायचं."

शिकाऊ डॉक्टर हसले. अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

पद्माबाईंचं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, आता अर्धांग. आधी हवेच्या गादीवर होत्या, तोवर पाठ शाबूत होती. मग स्पेशल रूममध्ये एका पुढाऱ्याची आई आली. गुडघा दुखत होता. चालत आली. साध्या गादीवर झोप येत नाही म्हणाली. वॉर्डातली गादी तिकडे न्या, असा याच डॉक्टरांचा निरोप आला.

अश्विनी आडवी आली. "मामा, नका काढू. पडून पडून पाठीला बेडसोअर हुतील त्यांना. कालच शिकवलंय आमाला."

"लई शिकलीस. सरक की आता."

सरकली. एवढंच नाही, मी गादी ओढताना पद्माबाईंना लागू नये म्हणून तिनेच त्यांना कुशीवर धरलं. पुढे ड्यूटीवर असेपर्यंत ती एकटी त्यांची कूस बदलायची. ती नसताना कोण बदलणार? मीही बदलली नाही.

राउंडला माझं एक वाक्य पुरलं असतं. साहेब, गादी तुम्हीच काढायला लावलीत. पद्माबाई त्या जखमेनेच गेल्या.

अश्विनी ड्यूटीला यायची, वर्गात बसायची. पुस्तक उघडं, नजर भिंतीवर. परीक्षेत बेडसोअरचाच प्रश्न आला. तिने कोरा सोडला.

"येत न्हवतं व्हय गं?" मी विचारलं.

"तोंडपाठ हाय, मामा. पर लिवू कसं? लिवलेलं करू कुटं देत्यात?"

त्या वर्षी ती नापास झाली. गावी गेली, ती परत आली नाही. तिकडेच लग्न झालं, असं कळलं.

पुढे पुन्हा तसाच निरोप आला. तीच गादी, वॉर्डात परत आलेली, आता तिच्यावर दुसरी म्हातारी. मी हात मागे घेतला. "मी न्हाय काढणार. साहेबांनी येऊन काढावी." साहेब आले नाहीत. माझी बदली शवागारात झाली. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. मला मोठेपणा नको. ज्या दिवशी नाही म्हणायचं होतं, त्या दिवशी मी नाही म्हटलं नव्हतं.

परवा अश्विनीचा नंबर मिळाला. फोन लावला.

"मामा? अगं बाई! बोला की."

मी पावसाचं विचारलं. पोरं कितवीला आहेत ते विचारलं. खरं कशाला फोन केला ते सांगेन म्हणून ती वाट पाहत होती. मी फोन ठेवला.

आता गुडघे साथ देत नाहीत. तरी सांगोल्याची एसटी धरणार आहे. तिच्या पोरांसमोर, सासरच्या माणसांसमोर उभा राहून, डॉक्टरांचं नाव घेऊन बोलणार आहे. ती जखम तुझ्या हातची नव्हती, पोरी. साहेबांची होती, माझी होती. मला माफ कर.

फोनवर यातलं एक अक्षरही तोंडातून निघालं नाही.