आप्पा डावीकडे वळत नाहीत

डावं वळण न घेता माणूस अख्खं म्हातारपण काढू शकतो, हे जगात फक्त एकाच माणसाने सिद्ध करून दाखवलं असेल, आणि तो माणूस नेमका माझ्या धाकट्या जावेचा बाप निघाला. निवृत्त एसटी ड्रायव्हर. शिरूरमध्ये सगळे त्यांना आप्पा म्हणत. आमच्या घरात शिरलं की स्वयंपाकघर डाव्या हाताला लागतं. त्यामुळे लेकीकडे चहाला आलेले आप्पा पुढच्या दाराने आत येत, सरळ माजघर ओलांडून मागच्या अंगणात उतरत, तिथून उजवीकडे वळून घराला पूर्ण फेरी घालत आणि मोरीच्या दाराने चहापुढे हजर होत. तोवर चहावर साय धरलेली असे. सासूबाई म्हणायच्या, "अहो व्याहीबुवा, माझ्या घराला देवळासारखी प्रदक्षिणा घालताय, आत देव कोण ते तरी सांगा!" आप्पा बशीत चहा ओतत शांतपणे म्हणायचे, "विहीणबाई, देवळातलीच माणसं तेवढी नीट चालत्यात. समदी उजवीकडनं."

मी व्यवस्थेची बाई. बाजारात निघताना कामं अशी लावते की एका रस्त्यावरून दुसऱ्यांदा जावं लागू नये. पण स्कूटरवर मागे आप्पा बसले की माझ्या व्यवस्थेचं मातेरं व्हायचं. डावीकडची गिरणी गाठायला आम्ही सरळ पुढे जायचो, मग उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. एकदा वैतागून म्हटलं, "आप्पा, उजवीकडे वळताना समोरची गाडी अंगावर येते, ते चालतं का?"

"येऊ द्या की, ताई. ती दिसती तरी. डाव्या चाकापाशी कोन हाय, ते दिसत न्हाई."

वरवंडच्या एका लग्नाला ते याच हिशेबाने स्वतःच्या मोपेडवर निघाले आणि मांडव सोडत होते तेव्हा पोचले. आचाऱ्यासोबत बसून थंड जिलेबी खाल्ली आणि लग्न फार छान झालं असं आठवडाभर सांगत राहिले.

कधी घाई असली की मी त्यांचं न ऐकता डावीकडे वळायची. तेव्हा खांद्यावर हात पडायचा. "थांबा. सायकल हाय." मी ब्रेक लावून बघायची. रस्ता मोकळा. "कुठंय?" तर म्हणायचे, "गेली." थंडीतल्या एका सकाळी, घोडनदीवरचं धुकं पार बाजारापर्यंत आलेलं असताना, मलाही ऐकू आलं. दुधाच्या किटलीचं झाकण खडखडावं तसा आवाज, माझ्या डाव्या पायाशी, अगदी जवळ. वळून पाहिलं, कोणी नाही. मी असल्या गोष्टी ऐकणारी बाई नाही. स्कूटरची नंबरप्लेट सैल झाली असणार म्हणून तशीच गॅरेजवर गेले. मेकॅनिकने प्लेट हलवून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. प्लेट घट्ट होती.

पण आप्पांचं खरं राज्य म्हणजे दौंड रस्त्याचा नाका. तिथे सिग्नलला न थांबता डावीकडे सुटायची एक वाट होती. ट्रक, कंपन्यांच्या बस, उसाच्या जोड-ट्रॉल्या, सगळं तिथून वेग न तोडता दौंडच्या अंगाला वळायचं. आप्पा रोज दिवेलागणीला तिथे जायचे आणि त्या वाटेच्या कडेकडेने चालत रामराम घालायचे. "राम राम, दूधवाले. मास्तर, बरं हाय का? काय गं पोरी, डबा खाल्ला का?" समोरून येणारे लोक मागे वळून बघायचे, की हा कोणाशी बोलतोय. मागे कोणी नसायचं. मग त्यांची चाल वाढायची. भज्यांच्या गाडीवाला तर आप्पा दिसले की न मागता दोन भजी त्यांच्या हातावर ठेवायचा, त्यांनी गाडीजवळ कोणाला रामराम घालू नये म्हणून.

ती माणसं कोण, ते जावेने सांगितलं. सगळी त्या वळणावर गेलेली. लांब गाडी वळते तेव्हा तिचं मागचं चाक आत कापत येतं आणि डाव्या अंगाने चाललेला सायकलवाला कोपऱ्यात सापडतो. त्यातला पहिला दूधवाला, तो आप्पांच्याच एसटीखाली. धुकं होतं, आरशात काही दिसलं नव्हतं. चौकशीत आप्पांचा दोष निघाला नाही. चौकशी झाल्यावर ते एसटी घेऊन पुन्हा त्या वळणाशी आले, गाडी उभी केली, खाली उतरले आणि उरलेली नोकरी त्यांनी डेपोत टायर मोजत काढली.

मग एका वर्षी दिवाळीनंतर माझी पुतणी, म्हणजे आप्पांची नात, सायकलवरून शाळेत जाणार होती. शाळा दौंड रस्त्यालाच. आणि दिवाळीनंतरच उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. आप्पांनी जेवण सोडल्यासारखं केलं. "ताई, तेवढं वळान बंद करून द्या. तुमाला कागद जमत्यात."

मला कागद जमतात. अर्ज केला, सह्या घेतल्या, फोन लावले. दुकानदार म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल. ट्रॅक्टरवाले म्हणाले, "एवढा वेढा घालून डिझेल काय आप्पा देनार का?" शेवटी रस्ते खात्याचे एक साहेब पाहणीला आले. भर दुपारची वेळ, नाक्यावर चिटपाखरू नाही. आप्पांनी त्यांचा हात धरला आणि ओळख करून द्यायला सुरुवात केली. "साहेब, हे दूधवाले. हे मास्तर. ही पोरगी, सणसवाडीला कंपनीत होती." सभ्य माणूस तो. पहिल्याला चक्क नमस्कार केला, दुसऱ्यालाही हात जोडले, आणि मग हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. वारा नव्हता, तरी झाकण खडखडलं. साहेबांनी खाली, डाव्या पायाशी पाहिलं. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

आप्पा दोन पावलं पुढे जाऊन थांबले. रस्त्याच्या कडेला, साध्या डांबरावर बोट दाखवून म्हणाले, "आन् ही जागा अजून मोकळी हाय, साहेब. हितं मला कुनाची वळख करून द्यायची न्हाई."

एवढ्यात एक रिकामी ट्रॉली वळली. पुढचं चाक दूर गेलं, मागचं आत कापत आलं आणि बरोब्बर त्या जागेवरून गेलं.

साहेबांनी जोडलेले हात खाली घेतले. मग आपल्या जीपच्या ड्रायव्हरला म्हणाले, "तात्पुरतं बंद करू." आमच्याकडे तात्पुरतं केलेलंच काय ते टिकतं. संध्याकाळपर्यंत वाळूची पिंपं आली, दिवाळीच्या आत सिमेंटचे ठोकळे. लोकांनी महिनाभर शिव्या दिल्या आणि मग सगळं शिरूर मुकाट्याने आप्पांसारखं चालवू लागलं: सरळ पुढे, मग उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे, आणि सिग्नल पाहून समोर दौंड रस्त्यावर. माझी पुतणी ठोकळ्यांच्या आतून घंटी वाजवत शाळेत गेली. ती जागा मोकळीच राहिली.

आप्पा पुढच्या उन्हाळ्यात गेले, घरी, झोपेत. आमच्याकडे स्मशानभूमी दौंड रस्त्याला, डाव्या हाताला. मी सामानाची यादी घेऊन शववाहिकेत पुढे बसले होते. नाक्यावर ठोकळे होते, म्हणून गाडी सरळ पुढे गेली आणि तीन उजवी वळणं घेऊन आली. स्मशानाचं फाटकही आता डावीकडे होतं, पण तिथे रस्ता खणलेला, म्हणून लोकांनी आप्पांना खाली घेतलं आणि खांद्यावरून, सवयीने, पलीकडून फिरवून नेलं. एकानेही विचारलं नाही, का.

त्याआधी, नाका ओलांडताना ड्रायव्हरने अचानक ब्रेक लावला होता. परगावचा मुलगा, त्याला काही ठाऊक नव्हतं. "मॅडम, डाव्या बाजूला कोणी आहे का? सायकलचा आवाज आला."

मी काच खाली केली. कोणी नव्हतं. "जाऊ दे त्यांना पुढं," मी म्हटलं. "न्यायला आलेत."

आता दिवेलागणीला मी नाक्यावरून जाते तेव्हा गाडी हळू करते. दूधवाले, मास्तर, ती पोरगी, मला क्रम पाठ आहे. शेवटी आप्पांना रामराम घालते, आणि सरळ पुढे जाते.